पलीकडच्या हौदातले मासे

बाळांनो, मागच्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्या स्वयंपाकघरात तो आकड्याचा वजनकाटा कशाला टांगलाय?" तेव्हा मी "आजोबांचा आहे" एवढंच म्हटलं. पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी लिहून ठेवते. हे सांगणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

सत्तरच्या दशकात तुमचे आजोबा नागपुरात एका सरकारी मत्स्यकेंद्रात होते. आमचं क्वार्टर आवारातच होतं आणि मागे सिमेंटचे दोन हौद होते. दोन्हींत रोहूची सारखीच पिल्लं सोडलेली. अलीकडच्या हौदाला नेहमीचं खाद्य, म्हणजे शेंगदाण्याची ढेप (तेल काढल्यावर उरते ती पेंड) आणि तांदळाचा कोंडा. पलीकडच्याला शेंगदाण्याऐवजी जवसाची ढेप. जवस आपल्याकडे गावोगाव पिकतो. त्याच्या ढेपेवर मासा वाढला तर इथल्या ढीवरांना, म्हणजे मासेमारांना, परवडेल, असं आजोबांचं म्हणणं. हा त्यांचा स्वतःचा पहिला प्रयोग होता, वरिष्ठांच्या मागे लागून मिळवलेला.

खाद्य रोज तोलून द्यायचं. दर महिन्याला जाळं ओढायचं, काही मासे ओल्या फडक्यात घेऊन फडकं काट्याला अडकवायचं आणि फडक्याचं वजन वजा करायचं. किलोभर मासा वाढायला किती खाद्य लागलं, एवढाच प्रश्न.

पलीकडचे मासे भराभर वाढले. जाळं ओढणारा ढीवर हसून म्हणायचा, "साहेब, हे तं पहिलवान झाले! यायले आखाड्यात उतरवा." आजोबा खुशीत होते. पण शेवटचा हिशेब मांडला तेव्हा खाद्य गेलं होतं त्याहून जास्त वजन माशांवर चढलेलं निघालं. नुसत्या ढेपेवर हे होणं शक्य नव्हतं. त्यांना काट्याचा संशय आला. वाण्याकडची वजनं आणून त्यांनी काटा तपासला. काटा बरोबर होता.

"मग वरून कोणी काही टाकतं का?" त्यांनी ढीवराला विचारलं.

"आजी टाकते नं रोज," तो म्हणाला. "मले वाटलं तुमाले मालूम आहे."

आजी म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या पणजी. रोज सकाळी त्या कणकेचे गोळे करायच्या. मला वाटायचं, गाईसाठी. माशांना कणीक घातली की घरातल्या माणसाच्या कामाला यश येतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. तुझा हौद कोणता, असं त्यांनी लेकाला सुरुवातीलाच विचारून घेतलं होतं. त्याने बोटाने पलीकडचा दाखवला होता.

आजोबा ओसरीवर त्यांच्याजवळ बसले.

"आई, किती गोये टाकत होती तू?"

"किती म्हंजे? मुठीत येतीन तितके."

"रोज सारखेच?"

"काहून रे बाबू, देवाचं कोणी मोजून देते का?" मग माझ्याकडे वळून, "पाह्य वं, लेकरू मोठं झालं तरी इचारतेच."

मोजलेलं असतं तर वजा करता आलं असतं. आजोबांच्या अहवालाचं इंग्रजी मी तपासायची. त्या वेळी माझ्या शिक्षणाचा उपयोग एवढाच झाला, की प्रयोग रद्द समजावा, हे वाक्य मी त्यांना नीटनेटकं करून दिलं.

सासूबाईंना यातलं काही कळलं नाही. लेकाने विचारलं म्हणजे गोळे कमी पडत असतील, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कणीक जास्त मळली. मी परात धरून उभी होते. अडवायला आता कारणही उरलं नव्हतं.

प्रयोग पुन्हा करू द्या, असा अर्ज आजोबांनी केला. हौद दुसऱ्या कामाला लागले आणि त्यांना टेबलावरचं काम मिळालं. सासूबाई जाईपर्यंत अधूनमधून विचारत, "तुह्ये मासे बरे आहेत नं रे?" ते म्हणत, "बरे आहेत, आई."

जवसाच्या ढेपेवर रोहू वाढतो की नाही, ते आम्हाला कळलं नाही. हौद बुजवले. काटा मात्र आहे, आणि अजून बरोबर वजन दाखवतो.