परस्पर विकलेली गाडी

दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी तिच्या गळ्याला पट्टा होता. मान वळवून पार्किंगमध्ये बघता येत नव्हतं, म्हणून तिने सगळं अंगच वळवलं आणि होती तिथेच थांबली. खांबाशेजारी, जिथे तिची लाल गाडी उभी असायची, तिथे एक काळं धूड उभं होतं. भलंमोठं रुंद हँडल, ऐसपैस सीट, मागे दोन चामडी पिशव्या, आणि पाय पुढे पसरून ठेवायला चक्क दोन फळ्या.

"माझी गाडी कुठंय?"

नवऱ्याने तिच्या कपड्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आधी वर चल. चहा घे, मग बोलू."

"गाडी कुठंय?"

"दादाच सांगेल काय ते."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. सोफे आणि पडद्यांचं दुकान होतं त्याचं. तो वरच बसला होता, तिच्याच खुर्चीत. तिने दारातून आत पाऊल टाकताच म्हणाला, "हे बघ, चिडू नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंस ना? आता वाकून गाडी चालवायची नाही. ती लाल दिली आणि ही घेतली. सरळ बसायचं, आरामात जायचं. तुझ्या भल्यासाठीच केलंय."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याकडे बघितलं तर तो तिच्या कपड्यांची पिशवी कोपऱ्यात ठेवण्यात गुंतलेला. कागदोपत्री गाडी त्याच्या नावावर होती. घेताना त्याच्या ऑफिसातून काहीतरी सवलत मिळत होती, म्हणून तसं केलेलं. ती गुंगीत पडलेली असताना त्याने सही ठोकली होती.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांकडून आलेल्या साच्यांवर लोकांचे दात घडवायचे, घासायचे, रंग जुळवायचे. दिवसभर वाकून बसायचं काम. आणि सुट्टीच्या दिवशी वाकून बसायची हौस. कॉलेज संपल्यापासून ती शर्यतीच्या ढंगाच्याच गाड्या चालवत आली होती. टाकीवर छाती टेकायची, कोपर आत घ्यायचे, गुडघा बाहेर काढायचा आणि डोंगरातल्या रस्त्याच्या वळणात गाडी अशी कलवायची की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. लॅबमध्ये तिला सगळे 'सुसाट' म्हणायचे. दादा मात्र पहिल्यापासून एकच पालुपद लावून होता, "एक दिवस पडशील." ती पडली नाही. मानेचे मणके झिजले ते साच्यांवर वाकून की टाकीवर वाकून, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण दादाला आपलंच खरं झाल्यासारखं वाटत होतं, आणि तेच तिला सर्वांत जास्त झोंबत होतं.

त्या दिवसापासून तिने दादाशी बोलणं टाकलं. नवऱ्याशी कामापुरतं, तेही तुटक. तो बिचारा भांडी घासायचा, तिचा पट्टा धुऊन वाळत घालायचा, तिचा डबा भरायचा. तिने एकदाही बरं म्हटलं नाही. बसने लॅबमध्ये जाताना ती पार्किंगमधून खांबाकडे न बघता जायची. शेजारचे काका एकदा कौतुकाने म्हणाले, "काय भारदस्त गाडी घेतलीत!" तर म्हणाली, "घेतली नाही, गळ्यात बांधलीय."

पट्टा निघाला. डॉक्टरांनी सरळ बसून गाडी चालवायला परवानगी दिली. तिने लगेच जुन्या मेकॅनिकला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "माझी लाल गाडी कोणाकडे गेली?" मेकॅनिकने आधी आढेवेढे घेतले, मग सांगून टाकलं. डोंगरापलीकडच्या गावात औषधांचं दुकान आहे, त्याच्या मालकाकडे.

रविवारी सकाळी तिने हेल्मेट घेतलं.

"कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"हे धूड देऊन माझी गाडी परत आणायला."

तो मागोमाग खाली आला. तिने गाडी सरळ केली आणि पहिल्याच दमात कळलं की हे वजन काही वेगळंच आहे. इंजिन सुरू झालं तसं सगळी गाडी खालून धडधडायला लागली. गिअर टाकायला तिचा डावा पाय सवयीने मागे, खाली गेला. तिथे काहीच नव्हतं. पाय हवेत चाचपडत राहिला. गिअर होता दूर पुढे, फळीजवळ. कशीबशी गाडी फाटकापर्यंत नेली. समोरून रिक्षा आली, हँडल वळलेलं होतं आणि तिने जन्मभराच्या सवयीने पुढचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी बसली आणि सावकाश, म्हातारी म्हैस लवंडावी तशी आडवी झाली. ती उडी मारून बाजूला झाली म्हणून पाय वाचला.

वॉचमन धावला, नवरा धावला. दोघांनी मिळून ती उभी केली. रिक्षावाला हसून म्हणाला, "ताई, स्कूटर घ्या की."

"तू तुझी रिक्षा काढ आधी!" ती खेकसली.

नवरा हळूच म्हणाला, "आज राहू दे. मानेला झटका बसला असता तर?"

"मला न विचारता गाडी विकताना माझ्या मानेची परवानगी घेतली होतीस?"

ती पुन्हा बसली आणि निघाली.

सरळ रस्त्यावर गाडी मुकाट चालली, तेवढंच. वारा थेट छातीवर येत होता. लाल गाडीवर काचेआड दडी मारता यायची. इथे मात्र पाय पुढे, हात रुंद, सगळं अंग उघड्यावर. आपण एखाद्या दुकानाच्या काचेत मांडून ठेवल्यासारख्या दिसत असू असं तिला वाटत राहिलं. सोफे विकणाऱ्या माणसाने सोफाच आणून दिला, दुसरं काय आणणार, असं ती हेल्मेटच्या आत मोठ्याने बोलली.

डोंगर लागला. इथली वळणं तिला तोंडपाठ होती. पहिल्या मोठ्या वळणात ती नेहमीच्या वेगाने शिरली, गाडी कलवली आणि फळीच रस्त्याला घासली. खर्रर्र असा आवाज, ठिणग्या, आणि गाडी आणखी कलायलाच तयार नाही. कठड्याचे दगड भराभर जवळ यायला लागले. तिने मागचा ब्रेक दाबला, हँडल जिवाच्या आकांताने ढकललं आणि कठड्याला लागून असलेल्या मातीच्या पट्ट्यातून कशीबशी बाहेर आली.

पुढच्या रुंद जागी ती थांबली. उतरून तिने गाडीच्या टाकीवर सणसणीत लाथ घातली. बुटाचा ठसा उमटला, बाकी गाडीला काही झालं नाही. तिच्याच पायाला लागलं.

त्यानंतर ती वळणाआधीच वेग कमी करायला लागली. मनातून शिव्या घालत, पण करायला लागली.

औषधवाला जाडजूड, हसतमुख माणूस निघाला. दुकान बंद होतं आणि लाल गाडी दारातच, पावडर लावल्यासारखी चकाचक. तिने सरळच विचारलं, "ही गाडी बघू?"

"बघा ना! फार जपून वापरलेली. कोणा बाईंची होती म्हणे. म्हणजे बाजारहाटापलीकडे कुठे गेली असणार!"

तिचे कान तापले. "त्या बाई मीच. आणि टायरच्या कडा बघा आधी. बाजारहाट करून अशा झिजत नाहीत."

तो ओशाळला. मग त्याची नजर तिच्यामागच्या काळ्या गाडीवर गेली आणि तिथेच अडकली. तो दोन वेळा त्या गाडीभोवती फिरला. "अशी गाडी घ्यायची माझी फार इच्छा होती हो. ही वाकडी गाडी घेऊन माझी कंबर गेली. बायको रोज टोमणे मारते. अदलाबदल करायची का? खरंच विचारतोय."

ती तेच मागायला आली होती. मागण्याआधीच ते समोर आलं. तिने लाल गाडीवर पाय टाकला. सगळं जिथल्या तिथे होतं. डावा पाय आपसूक गिअरवर गेला. तिने हात पुढे केले, कोपर आत घेतले आणि वाकली. वाकल्यावर पुढचं बघायला मान वर उचलावी लागते. उचलली मात्र, मानेतून एक कळ निघाली ती दंडातून थेट करंगळीपर्यंत. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने दात आवळले आणि तशीच वाकून राहिली. पुन्हा एकदा मान उचलून बघितली. पुन्हा तीच कळ, आणि आता दोन बोटं बधिर.

ती उतरली. बधिर हात जाकिटाच्या खिशात घातला.

"काय मग?" औषधवाल्याने आशेने विचारलं.

"नाही."

"का हो? पटली नाही का तुम्हाला कल्पना?"

"कल्पना पटली," ती म्हणाली. "मान पटवून घेत नाही."

त्याला काही उमगलं नाही. तो चहाचा आग्रह करत राहिला. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि निघाली. उतारावर तिला रडू आलं, ते रागाचं होतं. हेल्मेटची काच आतून धुरकट झाली तेव्हा ती बाजूला थांबली, काच पुसली आणि परत निघाली. घरी पोचेपर्यंत मान दुखली नाही, हेही तिच्या लक्षात आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

घरात दादा बसलेला. नवऱ्याने फोन करून बोलावलं असणार. काळी गाडीच परत आल्याचं त्याने खिडकीतून बघितलं होतं. "म्हणजे नाही बदललीस!" त्याचा चेहरा खुलला. "आता तरी मान्य कर, मी बरोबर होतो की नाही?"

"होतास," ती म्हणाली.

दादाला एवढ्यावर समाधान मानता आलं असतं. पण तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"दादा, ती लाल गाडी मला स्वतःच्या हाताने विकायची होती," ती म्हणाली. "तिच्यावर बसून, एकदा वाकून, दुखतंय हे स्वतः बघून. रडले असते, चार शिव्या दिल्या असत्या, पण मी विकली असती. ते तू माझ्याकडून काढून घेतलंस. आज ते मला एका परक्या माणसाच्या दारात करावं लागलं."

"एवढं काय त्यात? गाडीच तर होती."

"ऊठ त्या खुर्चीतून."

"काय?"

"खुर्चीतून ऊठ आणि घरी जा. मी बोलवेपर्यंत येऊ नकोस."

दादाने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने पहिल्यांदाच त्याची बाजू घेतली नाही. तो जाऊन दार उघडून उभा राहिला. दादा चपला घालताना बराच वेळ काहीबाही पुटपुटत होता, मग त्याच्या पावलांचा आवाज जिन्यात खाली गेला.

नवरा दार लावून वळला. "मलाही जायला सांगणार आहेस का?"

तिने बूट काढले. लाथ घातली त्या पायाचा अंगठा सुजून लाल झाला होता.

"तुझं अजून ठरलेलं नाही," ती म्हणाली. "बर्फ आण."