कीबोर्डला नारळ

ताडकळसच्या वाटेवरल्या जगदंबा सहकारी जिनिंगमध्ये सिद्रामप्पांनी टाइपरायटरवर सगळी उमर घालवली. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. ऑफिसात आले की आधी मशीनला हात जोडायचे, मग कागद चढवायचे. एकदा त्यांची बोटं सुरू झाली की बाहेर कापसाच्या गाड्या लावून बसलेले शेतकरी एकमेकांना म्हणायचे, "अप्पा फुटाणे भाजायलेत."

या सुखाला दृष्ट लागली ती चेअरमन किशनरावांच्या पुण्याच्या दौऱ्यामुळे. तिथं कुठल्याशा कारखान्यात त्यांनी कॉम्प्युटर बघितला आणि त्यांची झोपच उडाली. जिनिंगच्या प्रेसचा पट्टा वर्षभर तुटून पडला होता. त्याला सोसायटीत पैसा नव्हता. कॉम्प्युटरला मात्र एका बैठकीत मंजुरी मिळाली, तीही टाळ्यांच्या गजरात.

आता औरंगाबादेला जाऊन ते यंत्र शिकायचं कुणी? सचिव दिनकररावांची शुगर वाढली होती आणि कामाचं नाव काढलं की ती आणखी वाढायची. तेव्हा अप्पांचीच रवानगी झाली. नामांतरावरून बंद चालू होते, एसटी दोनदा जिंतुरावरूनच माघारी फिरली, पण अप्पा तिसऱ्यांदा निघाले आणि शिकून आले. येऊन बघतात तर त्यांचा टाइपरायटर भंगारात गेलेला, आणि टायपिस्टची जागा ठराव करून कायमची रद्द झालेली. यापुढे ते कॉम्प्युटर ऑपरेटर. कॉम्प्युटर चालला तर बरं. नाही चालला तर कापूस तोलायच्या काट्यावरची जागा तेवढी मोकळी होती. त्या शेडमध्ये तास-दीड तास उभं राहिलं तरी अप्पांच्या छातीत कापूस गेल्यासारखा दम लागायचा.

पण खरं सांगायचं तर दम्यापेक्षा दुसरीच गोष्ट त्यांच्या मनात होती. अप्पा त्या यंत्राच्या प्रेमात पडले होते. चुकलेलं अक्षर रबरानं न खोडता नाहीसं होतं, कागद फाटत नाही, साहेब ओरडत नाही! "मल्लम्मा," ते बायकोला म्हणायचे, "जिंदगीत अशी माफी करनारं दुसरं कोनी भेटलं न्हाई."

आषाढात कॉम्प्युटर आला. त्याला काचेची केबिन झाली, गारव्याचं यंत्र बसलं, दाराबाहेर चपला काढायची पाटी लागली. फक्त तो चालवायची परवानगी नव्हती, कारण उद्घाटन व्हायचं होतं आणि जिल्ह्याच्या मोठ्या पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. अक्षता पडायच्या आधी संसार मांडायचा नसतो, असं किशनरावांचं मत. अप्पा रोज केबिनमध्ये बसून मलमलीसारख्या मऊ फडक्यानं कीबोर्ड पुसायचे आणि घरी जायचे. पगार चालू होता. सोसायटीत त्याला कामच म्हणत.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी जिनिंगमधलं सगळं लोखंड देव होतं. सरकी काढायची जिनं, प्रेस, काटा, जीप, अगदी पाण्याची मोटरसुद्धा धुऊन-पुसून गंधफूल घेऊन बसली होती. कॉम्प्युटरला वगळायचं कसं? अप्पांनी स्वतः कीबोर्डला भस्माची बोटं ओढली. टाइपरायटरला ते दरसाल ओढत आले होते, त्यानं कधी तक्रार केली नव्हती. किशनरावांनी वर हळदकुंकू चिमटीनं नव्हे, मुठीनं वाहिलं. हमालांचा मुकादम सटवाजी यानं बाहेर एका फटक्यात नारळ फोडून करवंटी आत दिली, आणि किशनरावांनी जीपवर शिंपडतात तसं त्यातलं पाणी कीबोर्डवर मोकळ्या हातानं शिंपडलं. औरंगाबादच्या मास्तरांनी चहा लांब ठेवा म्हणून बजावलं होतं. नारळाबद्दल ते काही बोललेच नव्हते.

दसऱ्याची सुट्टी संपवून अप्पा आले तर बटणं एकमेकांना धरून बसलेली. एक दाबलं की चार खाली जायची आणि वर यायचं नाव घ्यायची नाहीत. फटींतून लाल मुंग्यांची रांग खुशाल ये-जा करत होती. आणि त्याच दिवशी निरोप आला, की पाहुण्यांनी तारीख दिली, येता सोमवार.

अप्पा दिनकररावांकडे धावले. "साहेब, नवा कीबोर्ड मागवा."

"मागवू की," दिनकरराव म्हणाले. "तीन दुकानांची कोटेशनं आना. मंग खरेदी समिती बसंल. समिती दिवाळीनंतर बसनार हाय."

"उद्घाटन सोमवारी हाय!"

"तेला समिती काय करंल?"

कीबोर्ड दुरुस्त कसा करावा यावर मात्र समितीची गरज पडली नाही. सल्ला द्यायला सगळं जिनिंग जमलं. सटवाजी म्हणाला, रॉकेलात बुडवा, जिनाचे दात तसेच साफ होतात. कुणी म्हणालं उन्हात टाका, कुणी म्हणालं मुंग्यांना साखर दुसरीकडं ठेवा. अप्पांनी सगळ्यांचं ऐकलं, कीबोर्ड जुन्या धोतरात गुंडाळला आणि घर गाठलं.

घरी त्यांनी चमच्याच्या दांड्यानं एकेक बटण उपटलं. मल्लम्मानं ती रिठ्याच्या पाण्यात चोळून चोळून धुतली आणि सुपात वाळत घातली. शेजारची गौराबाई डोकावून म्हणाली, "मल्लम्मा, ह्या कशाच्या बिया वं?" आतला साचा अप्पांनी सायकलच्या पंपानं फुंकला. दवाखान्यातून मागून आणलेल्या स्पिरिटात जिनिंगचाच कापूस बुडवून त्यांनी बटणांचं घरन् घर पुसलं. एवढ्या मुंग्या निघाल्या की मल्लम्मा हळहळली. बटणांची जागा त्यांना कुणाला विचारावी लागली नाही. बोटांना ती पाठच होती. रविवारी त्यांनी केबिन लावून घेतली, यंत्र सुरू केलं आणि एकेक बटण दाबून बघितलं. सगळी अक्षरं आली. त्या माणसानं कॉम्प्युटरसमोर बसून चक्क डोळे पुसले.

सोमवारी मांडव, हार, सनई. पाहुणे दुपार कलल्यावर आले. भाषणांत संगणक युग परभणी जिल्ह्यात तीनदा अवतरलं. मग मंडळी चपला काढून केबिनमध्ये शिरली. पाहुण्यांनी एक बटण दाबायचं, पडद्यावर 'स्वागत' म्हणून इंग्रजीत उमटायचं, असं अप्पांनी बसवून ठेवलं होतं.

आणि सटवाजीनं आत करवंटी दिली.

किशनरावांनी करवंटी उचलली. आयुष्यभर 'जी मालक' यापलीकडे शब्द न काढलेल्या सिद्रामप्पांनी पुढं होऊन चेअरमनचं मनगट धरलं. "मालक, पानी नगा टाकू! भाईर टाका, देवावर टाका, माज्या डोस्क्यावर टाका, पन ह्याच्यावर नगा!"

करवंटी कलंडली. सगळं पाणी किशनरावांच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर सांडलं. पाहुणे हसले, आणि तेच वाईट झालं. पाहुण्यांनी बटण दाबलं, स्वागत उमटलं, टाळ्या पडल्या. पण किशनरावांचं लक्ष सदऱ्याकडे होतं.

पाहुण्यांची गाडी फाट्याला लागायच्या आत ते कडाडले, "देवाच्या कार्यात आडवा आला! नास्तिक झालाय औरंगाबादेला जाऊन! दिनकरराव, आजच्या आज हुकूम काढा. काट्यावर पाठवा ह्याला. हितं माझा भाचा बसंल." भाच्याला कॉम्प्युटर येत नव्हता, पण तो नारळाच्या आड येणारा नव्हता.

दिनकररावांनी मान डोलावली आणि मग त्यांची पंचाईत झाली. हुकूम टाइप कुणी करायचा? टाइपरायटर भंगारात. भाचा सिनेमाला परभणीला गेलेला. त्यांनी केबिनच्या काचेवर टकटक केली.

"अप्पा, तेवढं येक लेटर मारा."

अप्पा बसले. दिनकरराव आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगत गेले: धार्मिक विधीत अडथळा आणला, उपस्थितांच्या भावना दुखावल्या, सबब श्री. सिद्रामप्पा यांची काटा विभागात बदली. त्या दिवशी उद्घाटनाच्या गडबडीत सकाळची पूजा राहून गेली म्हणून अप्पांनी अजून पाणीही घेतलं नव्हतं. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यांची बोटं क्षणभर थांबली. इतके दिवस ते वाट बघत होते, की या यंत्रातून पहिला कागद कसला निघेल. एखादं तरी बटण अडकावं, असं त्यांना मनापासून वाटलं. पण काम त्यांच्या हातचं होतं. एकही अडकलं नाही.

शेजारच्या प्रिंटरमधून कर्रकर्र करत कागद बाहेर आला. दिनकररावांनी तो वरखाली वाचला. "वा अप्पा! येक चूक न्हाई. मशीन लय झकास चालायलंय."

"किती प्रती काढू, साहेब?"

"तीन काढा. येक चेरमनला, येक फायलीला."

"आन् तिसरी?"

"तुमालाच की," दिनकरराव म्हणाले, आणि पाहुण्यांसाठी केलेली जिलेबी संपायच्या आत मांडवाकडे निघून गेले.