बाबूजींच्या नावाचं सिम

बालाघाटहून निघताना मी तीन याद्या केल्या होत्या. औषधांची, कागदपत्रांची आणि फोनची. फोनच्या यादीत सात गोष्टी होत्या आणि सातही गोष्टींसमोर खूण होती. आठवी गोष्ट यादीतच नव्हती. तिने आमच्या श्रीलंकेच्या प्रवासातला एक अख्खा दिवस खाल्ला. हे सगळं मी रागातच लिहितो आहे, कारण राग अजून उतरलेला नाही.

बालाघाट ते गोंदिया, गोंदिया ते नागपूर, नागपूर ते चेन्नई आणि चेन्नईहून कोलंबो. मी आणि माझी पत्नी सुमन, दोघांचा हा पहिलाच परदेश. कोलंबोच्या विमानतळावरून बाहेर पडताना सिमकार्डवाल्यांची रांगच आहे. एका मुलीने हात जोडून ‘आयुबोवन’ (नमस्कार, म्हणजे दीर्घायुषी व्हा) म्हटलं, माझा पासपोर्ट घेतला, फोन घेतला आणि चार मिनिटांत नवं सिम चालू करून दिलं. माझ्या फोनमध्ये एकच सिम बसतं. जुनं सिम तिने एका पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने डकवून परत दिलं. ते मी पासपोर्टच्या पिशवीत ठेवलं आणि स्वतःवर खूश झालो. त्या मुलीचा काही दोष नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

तिथून साडेचार तासांवर दांबुल्लाजवळच्या एका गावात आम्ही घरगुती मुक्काम ठरवला होता. घराची मालकीण कुसुमा, साठीची, ठेंगणी बाई. थोडंफार इंग्रजी बोलायची, बाकी हातवारे. संध्याकाळी तिने इंदिआप्पा (तांदळाच्या शेवयांच्या वाफवलेल्या चकत्या) आणि पोल सांबोल (ओल्या नारळाची लाल चटणी) वाढली. सुमनने चार चकत्या खाल्ल्या, मी सात. घरामागे धानाची बांधी (भाताचं खाचर) होती, हिरवीगार. आमच्याकडे धान केव्हाच कापून झालेलं आणि इथे अजून ओंबीही आलेली नव्हती. कुसुमाने बोट दाखवून सांगितलं, “वी.” वी म्हणजे धान. मीही खूण करून सांगितलं, आमच्याकडेही हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिगिरियाचा खडक चढायला निघालो. वर जुन्या राजवाड्याचे अवशेष आहेत आणि वाटेत दगडात कोरलेले सिंहाचे दोन पंजे. बाराशेच्या आसपास पायऱ्या, असं पाटीवर होतं. माझा पाटीवर विश्वास नसतो, म्हणून मी मोजत होतो. सहाशे चौदाव्या पायरीवर फोन वाजला. इंटरनेटवरून, कटंगीच्या आमच्या घरून, माझा धाकटा भाऊ विलास.

“दादा, तुमचा फोन काहून बंद हाय? सकाळपासून चारदा ओटीपी पाठवला.”

“कायचा ओटीपी?”

“धानाच्या स्लॉटचा न! आज शेवटचा दिवस हाय, सहा वाजेपर्यंत. एकशे बेचाळीस पोते आंगणात पडून राह्यले अन् आभाळ भरून येऊन राह्यलं.”

सरकारी केंद्रावर धान विकायचं तर आधी ऑनलाइन दिवस ठरवून घ्यावा लागतो, तो स्लॉट. त्यासाठी नोंदणीतल्या मोबाइलवर सहा आकडे येतात. आमच्या नोंदणीतला मोबाइल म्हणजे माझ्या पिशवीतल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेलं सिम.

“निघायच्या आधी तुले दोनदा विचारलं होतं मी, स्लॉट घेतला का. तू हौ म्हणालता.”

“हौ म्हणालतो. पण घेतो म्हणालतो. घेतला कुठी म्हणालतो?”

“मग नोंदणीतला नंबर बदलून घे न.”

“त्याच्यासाठी पण जुन्याच नंबरवर ओटीपी येते, दादा.”

मी खाली वळलो. सुमन तिथेच उभी राहिली.

“अहो, अर्धं चढून झालंय.”

“धान भिजेल.”

“भिजू नये म्हणून तुम्ही जा. सहा आकडे वाचायला दोघं कशाला? मी सिंहाचे पंजे बघून येते.” आणि ती खरोखरच वर निघून गेली. तिचं बरोबर होतं, याचाही मला राग आला.

आता ती आठवी गोष्ट. हा नंबर बाबूजींचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. बाबूजी जाऊन दोन वर्षं झाली. कटंगीत अर्ध्या बाजाराला ते दहा आकडे तोंडपाठ. गॅस, वीज, बँक, धानाची नोंदणी, सगळीकडे ‘नारायणभाऊंचा नंबर’ लिहिलेला. ते गेल्यावर फोन मी घेतला आणि नंबर तसाच चालू ठेवला. शेताचं नामांतरण (फेरफार) मी दोन महिन्यांत करून घेतलं होतं. ज्यांनी केलं नाही, त्यांना चारचौघांत सुनावलंही होतं. सिम मात्र बाबूजींच्याच नावावर राहिलं. नोकरीत माझं काम दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढण्याचं.

मुक्कामी आलो. सिमचा कप्पा उघडायला कुसुमाने शिवणाची सुई दिली. जुनं सिम घातलं. नेटवर्क नाही. परदेशात चालण्याची सोय त्या नंबरवर सुरूच नव्हती. ती सुरू करायला कुसुमाच्या घरच्या वाय-फायवर कंपनीचं अॅप उघडलं, तर अॅप म्हणालं, तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. ज्या नंबरला नेटवर्क नाही, त्याच नंबरवर! हे ज्याने ठरवलं, त्याला एकदा कटंगीच्या खरेदी केंद्रावर रांगेत उभं करावं.

माझं श्रीलंकेचं सिम कुसुमाच्या जुन्या फोनमध्ये घालून कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बावीस मिनिटं बासरी ऐकली.

“नारायण जी से बात हो रही है?”

“मैं उनका बेटा बोल रहा हूँ.”

“सर, जिनके नाम पर नंबर है, उन्हीं से बात करनी होगी. वो पास में हैं?”

“नहीं.”

“जब आ जाएँ, तब उनसे फोन करवा दीजिए. आपका दिन शुभ हो.”

फोन बंद. मी कुसुमाच्या अंगणात उभा राहून मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुसुमा चहा घेऊन आली आणि कप ठेवून गेली.

तीन वाजता विलासचा निरोप आला: “दादा, थेंब पडून राह्यले. ताडपत्री दोनच हाय.”

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी दुसऱ्याची सही केलेली नाही. दुसऱ्याच्या नावाने रजेचा अर्जसुद्धा लिहिलेला नाही. पुन्हा नंबर लावला. एकोणीस मिनिटं बासरी.

“नारायण जी से बात हो रही है?”

“जी,” मी म्हणालो, “नारायण बोल रहा हूँ.”

जन्मतारीख विचारली. सांगितली. पत्ता विचारला. सांगितला. “धन्यवाद नारायण जी,” ती मुलगी म्हणाली, “आपकी सेवा चालू कर दी गई है.”

अर्ध्या तासाने जुन्या सिमला नेटवर्क आलं. पहिला निरोप कंपनीचा: नारायणजी, श्रीलंकेत आपलं स्वागत आहे. बाबूजी आयुष्यात नागपूरच्या पुढे गेले नव्हते. मी विलासला पुन्हा ओटीपी मागवायला सांगितलं, आणि आलेले सहा आकडे कुसुमाच्या फोनवरून दोनदा वाचून दाखवले. चार बावन्नला विलास ओरडला, “झालं दादा! परवाचा भेटला!”

सुमन परतली ती उन्हाने लाल होऊन. “एक हजार एकशे ब्याण्णव,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी मोजल्या.”

बालाघाटला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी बाबूजींचं मृत्यू प्रमाणपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात गेलो. नंबर माझ्या नावावर करायचा होता. काउंटरवरच्या माणसाने प्रमाणपत्र पाहिलं, स्क्रीन पाहिली, पुन्हा प्रमाणपत्र पाहिलं.

“भाईसाहब, ये तो दो साल पहले का है.”

“हौ. मग?”

“इधर लिखा है, ग्राहक ने पिछले हफ्ते खुद बात की, पहचान पक्की. दोनों में से एक कागज गलत है.”

मागच्या रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं. मला त्या माणसाचा राग आला, कंपनीचा आला, विलासचा आला. पण दोन वर्षं हा अर्ज ज्याने केला नाही, तो काउंटरच्या अलीकडे उभा होता. परदेशी निघणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. नवं सिम तिकडे चार मिनिटांत मिळतं, त्याची काळजी नको. जुनं कोणाच्या नावावर आहे, ते घरातून निघण्याआधी बघा.

मी कोरा कागद मागितला. विषयाच्या ओळीत ‘खुलासा’ लिहिलं आणि खाली एकच वाक्य: त्या दिवशी नारायण म्हणून बोललो तो मी होतो, माझे वडील नव्हेत. मग तारीख घातली आणि माझ्या स्वतःच्या नावाने सही केली.