शर्ट कुणी धुतला

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही — आणि त्याच्याशी मी बाकी सगळं बोलत आले. देवापुढेही नाही. देवापुढे बसले की मी दुसरंच काहीतरी मागायची, मुद्दाम. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हळूहळू लिहीन. मला वेळ लागतो.

माझा थोरला भाऊ, अण्णा, गेल्या महिन्यात वारला. वरकुट्याला, आमच्या घरी, स्वतःच्या खाटेवर. मरताना कायद्याच्या लेखी तो खुनी होता — सख्ख्या चुलत्याचा खुनी. सेशन कोर्टानं जन्मठेप दिली होती. हायकोर्टातलं अपील वर्षानुवर्षं पडून राहिलं, छातीचं दुखणं बळावलं, तेव्हा कुठे जामीन मिळाला, म्हणून तो घरी तरी मेला. एवढं पंचक्रोशीला माहीत आहे. पुढचं फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

आमचे चुलते, तात्या. त्यांचं शेत आणि आमचं शेत एका बांधाला, विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली. त्या वर्षी विहिरीनं तळ गाठला होता आणि दोघांचाही ऊस उभा होता. पाळीवरून अण्णा आणि तात्या चार माणसांदेखत भांडले. "पुन्यांदा माझी मोटर बंद केली तर हात तोडीन, तात्या," असं अण्णा म्हणाला. म्हणाला होता — ते मी झाकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या विहिरीच्या काठाला डोकं फुटून पडलेले सापडले. आणि ती सगळी रात्र अण्णा त्याच शेतात दारं धरत होता — म्हणजे खोऱ्यानं माती ओढून पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत होता. कुणाला संशय येणार नाही?

मी तेव्हा बारामतीला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. माझं लग्न ठरलं होतं, सुट्टीला घरी आले होते. वहिनी लहानग्या लेकीला, मनूला, घेऊन माहेरी, कोऱ्हाळ्याला गेली होती. आईवडील दोघंही आधीच गेलेले. घरात अण्णा आणि मी.

उजाडता उजाडता अण्णा शेतातून आला. शर्ट काढून ओसरीच्या खुंटीला लावला, हातपाय धुतले, चहा घेतला. कप अर्धा असतानाच बाहेर ओरडा झाला — तात्यांना कुणीतरी मारलं. तो बनियनवरच पळाला. पोलीस पाटलांनी प्रेताजवळ कुणालाच जाऊ दिलं नाही. थोड्या वेळानं परत येऊन तो पायरीवर बसला. रडत नव्हता. नुसता हात चोळत होता.

आता मी काय केलं ते.

भावकीतलं माणूस गेलं की सुतक लागतं. अंगावरचे कपडे पाण्यात घालायचे, डोक्यावरून अंघोळ करायची — पण माती झाल्यावर, स्मशानातून परतल्यावर. मला रीत माहीत होती, तिची वेळ माहीत नव्हती. अशा गोष्टी आई करायची, मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असायची. आई असती तर ओरडली असती — अगं थांब, अजून माती व्हायची आहे! पण आई नव्हती. घरातली एकटी बाई म्हणून आपल्याला सगळं नीट आलं पाहिजे, असं मला वाटलं. मी अण्णाला म्हटलं, अंघोळ करून घे. खुंटीवरचा शर्ट घेतला, खिशातली तंबाखूची पुडी काढून ठेवली, शर्ट उलटासुलटा करून पाहिला — आणि बादलीत बुडवला. साबण लावला, पिळला, तारेवर टाकला.

पोलीस आले तेव्हा शर्टाचं पाणी अजून ठिबकत होतं.

"कापडं कुणी धुतली?" साहेबांनी विचारलं.

मी दारात उभी होते. माझे हात ओले होते, मी ते पदराखाली घेतले. तोंड उघडलं होतं की नाही, ते आज आठवत नाही. मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. अण्णानं एकदा माझ्याकडे बघितलं — माझ्या पदराकडे. डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढाच वेळ. मग म्हणाला, "म्याच धुतला, सायब."

"तू? रोज धुतोस व्हय रं?"

"बायकू माह्यारी गेल्यावर समदीच धुत्यात, सायब," बरोबरचा हवालदार म्हणाला, आणि दोघं हसले.

"आन् नेमका आजच?"

त्यांनी शर्ट तारेवरून ओलाच काढला, पंचनामा केला.

त्या एका वाक्याचं मला अजून नवल वाटतं. कुणी त्याला विचार करायला वेळ दिला नव्हता. त्यात आपलं काय जाणार आहे, हे त्याला कळलं नसेल का? कळलं असेल. शाळा त्यानं अर्ध्यात सोडली होती — पण माणसाची चाल त्याला माझ्याआधी कळायची. पुरावा नष्ट केला म्हणून पोलीस मला नेतील, ठरलेलं लग्न मोडेल, कॉलेजात बोभाटा होईल — एवढं सगळं त्यानं त्या एका नजरेत पाहिलं, आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. पायरीवरून न उठता.

पुढे सगळा खटला त्या शर्टावर आला. खोरं पाटात पडलेलं मिळालं, पाण्यानं धुतलेलं. त्यावर काही ठरलं नाही. शर्टावरही काही ठरलं नाही — धुतल्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही, असा अहवाल आला. अण्णाचे वकील म्हणाले, रक्त नाही म्हणजे नाही. सरकारी वकील म्हणाले, रक्त नाही, कारण ते धुतलं! ज्या घरात पुरुष कधी कपड्याला हात लावत नाही, त्या घरात खुनाच्या सकाळी हा माणूस साबण घेऊन का बसला? एकेका साक्षीदाराला ते हेच विचारायचे — आरोपीला कपडे धुताना तुम्ही कधी पाहिलंय? काकी, म्हणजे तात्यांची बायको, पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली, "त्यो? त्यानं कवा पाण्याचा तांब्या सोता भरून घेतला न्हाय, कापडं काय धुतोय!" कोर्टात हशा पिकला. अण्णापण किंचित हसला. काकी खोटं बोलली नव्हती. त्या खटल्यात सगळे खरं बोलले — एक अण्णा, आणि एक मी सोडून.

मला आमच्याच वकिलांनी साक्षीला बोलावलं, अण्णा सकाळी कसा शांत होता ते सांगायला. आदल्या दिवशी त्यांनी मला एकटीला विचारलं होतं, ताई, नीट आठवा, कपडे तुम्ही तर भिजवले नाहीत ना? मी नाही म्हटलं. कोर्टात शपथ घेतली. मग सरकारी वकील उठले. त्यांनीही तेच विचारलं.

मी म्हटलं, "नाही. मी झोपले होते."

हे ते. एवढंच आहे.

पण एवढंच नाही. बादलीत बुडवण्याआधी मी तो शर्ट उलटासुलटा करून पाहिला होता, हे वर लिहिलंय. कोरडा असताना तो शर्ट पाहिलेली मी या जगात एकटी आहे. बाह्यांना कोपरापर्यंत चिखल होता. पाठीवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. गळ्याशी घामाची पांढरी रेघ होती. रक्त नव्हतं. कुठेच नव्हतं — थेंबही नाही. मी पाहिलं होतं, आणि मला माहीत होतं, आणि मी झोपले होते असं म्हटलं.

माझं उत्तर ऐकून अण्णानं मान हलवली. लहानपणी मी पाढा न चुकता म्हटला की हलवायचा, तशी.

तात्यांना कुणी मारलं, ते मला आजही माहीत नाही. खरं सांगायचं तर काही वर्षं मला ते माहीत करूनही घ्यायचं नव्हतं. त्याहून वाईट सांगते. शिक्षा झाल्यावर मी मनात धरायला लागले की कदाचित त्यानंच मारलं असेल. दुसरा शर्ट असेल. शर्ट काढून ठेवून मारलं असेल. तो दोषी असला की माझं खोटं लहान व्हायचं, आणि मला झोप लागायची. आपल्या भावानं खून केलेला असावा, अशी इच्छा करणारी बहीण तुम्ही पाहिली आहे का? ती बहीण दिवसा ग्रंथालयात मुलांना हळू बोलायला सांगायची.

लग्न झालं. चांगलं झालं. मनूला मी पहिलीपासून बारामतीला माझ्याकडे आणलं, शिकवलं. लोक म्हणायचे, भावाच्या लेकीसाठी एवढं कोण करतं हल्ली? वहिनी तर माझ्या पाया पडायला वाकायची. मी तिला अडवायची, आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा.

तुरुंगात भेटायला जायची तेव्हा अण्णा पिकाचं विचारायचा, मनूच्या मार्कांचं विचारायचा. "वाचतीस न्हवं अजून?" म्हणायचा. त्या सकाळचं एक अक्षर नाही. मी वाट पाहायची — आज बोलेल, आज तरी काही मागेल. एकदाच, भेटीची वेळ संपता संपता, अगदी मजेत म्हणाला, "हितं कापडं सोताच धुतो बघ. चांगली निघत्यात." आणि मग, "आता खोटं न्हाय राह्यलं त्ये."

हे बोलून तो आत गेला. मी तिथेच उभी राहिले. मागची बाई म्हणाली, ताई, सरका. तो टोमणा होता का? मी तो पुष्कळ दिवस टोमण्यासारखा वळवून पाहिला, वळेना. त्यानं मला माफही केलं नव्हतं. त्याच्या हिशेबी माफ करण्यासारखं काही घडलंच नव्हतं — मला वाचवायचं ठरवून तो एक वाक्य बोलला होता, आणि इतकी वर्षं आपलंच वाक्य खरं करत बसला होता. असा माणूस माझ्या घरात जन्मला, माझ्या ताटात जेवला. मी एवढी पुस्तकं हाताळली, एवढ्या मोठ्या माणसांविषयी वाचलं. पण ज्याच्यापुढे उभं राहता येत नाही असं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते जाळीच्या पलीकडे होतं.

जामिनावर सुटला त्या दिवशी गाडीतून येताना भिगवणला उतरू म्हणाला. धरणाचं पाणी भरलं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. तो कितीतरी वेळ बघत राहिला. "केवढं हाय गं," एवढंच म्हणाला. मी पाण्याकडे पाहिलंच नाही. मी त्याच्याकडे पाहत होते, आणि मला वाटत होतं, आता सांग — त्याला नाही, त्याला माहीत आहे — जगाला सांग, तो जिवंत आहे तोवर सांग. गाडीत बसलो, घरी आलो. तो घरी आणखी काही वर्षं जगला. त्यातल्या कुठल्याही सकाळी मला बारामतीच्या वकिलांकडे जाता आलं असतं.

तो गेल्यावर मनूनं अपील पुढे चालवायचं ठरवलं. नातेवाइकाला तसं करता येतं. वहिनी म्हणाली, "गेल्या मान्साला कशापायी वडता कोर्टात?" मनू म्हणाली, "आई, दोन ठिकाणांहून नकार आला. एकानं तोंडावर सांगितलं, खुन्याची पोर नको. लग्न नाही झालं तरी चालेल मला, पण बाबांच्या नावापुढचं हे निघालं पाहिजे." वकिलांनी तिला आधीच सांगितलं होतं — नवीन काही नसेल तर सगळं पुन्हा शर्टावरच अडेल.

हे ती मला सांगत होती, इंदापूरच्या स्टँडवर, बाकावर, बारामतीच्या गाडीची वाट बघत. आणि मी सांगितलं. शर्ट, बादली, साक्ष. गाडी आली, लोक चढले, गाडी गेली. आम्ही बसून राहिलो.

तिनं एवढंच विचारलं, "मला शाळेत घातलंस, तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी वकिलांकडे माझ्याबरोबर आली. वकील तेच, अण्णाचे, आता केस पांढरे झालेले. त्यांनी ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी तुम्हाला विचारलं होतं, ताई," म्हणाले. मग, खोट्या साक्षीबद्दल तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. चालेल, मी म्हटलं. कोर्ट मानेलच असं नाही, इतक्या उशिरा. बरं, मी म्हटलं.

"कारण लागेल," ते म्हणाले. "तेव्हा का बोलला नाहीत, हे कोर्ट पहिलं विचारणार. पोलिसांची भीती? वय लहान? घरच्यांचा दबाव होता, असं लिहू?"

मी काही म्हणायच्या आत मनू बोलली, वकिलांकडे बघून. "घरात कोण होतं दबाव आणायला?"

तिचं बरोबर होतं. वय लहान नव्हतं, दबाव नव्हता. आणि भीती होती ती पहिल्या दिवशी. नंतर मला फक्त सवय झाली होती.

"काहीच कारण नव्हतं, असं लिहा," मी म्हटलं. "मला कुणी अडवलं नाही."

वकिलांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी ते तसंच टाइप करायला सांगितलं, आणि मी सही केली.