वरणातली गोळी

सांडू पेंटरला त्याची बायको विष घालते, ही बातमी मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत पाण्याच्या दिवशी फुटली. नळ आठ दिवसांनी येतो, सगळ्या बाया ड्रम घेऊन एका जागी, मग बातमीला वेळ कितीसा लागणार? चंपाबाईनं म्हणे खिडकीतून डोळ्यांनी पाहिलं होतं. सत्यभामा वाटीच्या बुडानं काहीतरी पांढरं कुटत होती, मग ते नवऱ्याच्या वरणात कालवलं, आणि इकडंतिकडं बघून हात पुसले. दुसरा ड्रम भरेस्तोवर गल्लीनं सांडूला मसणात पोचवूनसुद्धा दिलं असतं, पण खुद्द सांडूच बादली घेऊन आला आणि चंपाबाईला म्हणाला, "जरा सरका."

विषबिष काही नव्हतं. डॉक्टरनं लिहून दिलेली डोक्याची गोळी होती. नऊ वर्षं ती त्याला वरणातूनच मिळत होती.

नऊ वर्षांमागं सांडूची झोप उडाली. कानात कुणीतरी हुकूम सोडायचं आणि हा ब्रश घेऊन निघायचा. किराणा, सलून, पिठाची गिरणी, दिसेल त्या शटरवर मोठ्या लाल अक्षरात एकच शब्द: थांबा. अक्षर मात्र असं देखणं, की गिरणीवाल्यानं ते लवकर पुसलंही नाही. गिऱ्हाइकांना "तुमी या हो आत" म्हणत बसला. शेवटी सत्यभामानं "सोयगावला ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवायची हाय" असं सांगून सांडूला एस.टी. स्टँडवर जायला म्हणून रिक्षात बसवलं, आणि रिक्षा उभी राहिली ती दवाखान्याच्या दारात. ती थाप त्याला लई लागली. घरी आल्यावर तो गोळ्या थुंकायला लागला. तेव्हा सत्यभामानं वाटी हातात घेतली.

पंधरा दिवसांत त्याला कळलं होतं. वरण कडवट लागायचं, आणि पहिला घास घेतला की सत्यभामा त्याच्या तोंडाकडं डोळे लावून बसायची. नवरा जेवताना एवढं कोण बघतं? पण तो बोलला नाही. कानातले आवाज निवले होते, झोप लागत होती, आणि बायकोच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. गिळलं वरण.

दवाखान्यातही तीच तऱ्हा. डॉक्टर सत्यभामाला विचारायचे, सत्यभामा सांगायची, आणि सांडू दोघांच्या मधे भाजीच्या पिशवीसारखा ठेवलेला. यंदा उन्हाळ्यात तिनं सांगितलं, रंग ढवळताना हे पुटपुटतात. झालं, गोळी वाढली. आणि सांडूचा हात कापायला लागला.

कन्नडचा शेतकरी कडूबा दर साली ट्रॉली त्याच्याकडूनच रंगवून न्यायचा. या खेपेला त्यानं मागच्या फळीकडं बराच वेळ पाहिलं. "पेंटर, माझ्या बापाचं नाव हे. थंडी वाजल्यावानी का दिसतंय?" सांडूनं ते पुसून तीनदा काढलं. तिन्ही वेळा बाप कुडकुडतच राहिला. त्यानंतर महिनाभर एकही ट्रॉली दारात आली नाही. सांडू दिवसभर ओट्यावर बसून आपल्या बोटांकडं बघायचा, आणि दुपारीच आडवा व्हायचा.

मग एके दिवशी त्यानं वरणाची वाटी सरकवली. दोन दिवस नुसती भाकर आणि ठेचा. सत्यभामाचा जीव टांगणीला.

"अवो, वरण घ्या की थोडं."

"गोळी हातात दे. वरण मग खातो."

ती भिंतीला टेकून खालीच बसली. "कवापासून ठावं हाय तुमाला?"

"पहिल्या महिन्यापासून."

"मग बोलला का नाय? मी काय हौस म्हणून कुटत होते व्हय? मनगट गेलं माझं!"

"तू दमली होतीस. मीबी दमलो होतो. कोण बोलणार?"

तिनं गोळी हातावर ठेवली. त्यानं ती पाण्याबरोबर घेतली आणि न सांगता तोंड उघडून दाखवलं. सत्यभामानं तोंड फिरवलं. हसली का रडली, ते चंपाबाईलाही खिडकीतून दिसलं नाही.

दवाखान्याच्या पुढच्या तारखेला सांडूनं काखेत पत्र्याचे दोन तुकडे मारले. डॉक्टरांनी सवयीनं सत्यभामाकडं बघून विचारलं, "शांत आहेत ना?" ती उत्तर द्यायला गेली, तेवढ्यात सांडूनं पत्रे टेबलावर ठेवले. दोन्हीवर त्यानंच रंगवलेलं स्वतःचं नाव.

"हे पहिल्या गोळीचं. हे वाढवलेल्या गोळीचं. शांत लई हाय साहेब. पोट कशावर भरू?"

डॉक्टरांनी दोन्ही पत्रे आळीपाळीनं पाहिले, चष्मा काढला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा खुर्ची सांडूकडं वळवली. झोप, हात, आवाज, सगळं त्यालाच विचारलं. गोळी थोडी कमी केली, पंधरा दिवसांनी परत बोलावलं. मग समाजसेविका तनुजाताईंकडं पाठवलं. त्या म्हणाल्या, "पुढं कधी तुमचं तुम्हाला कळेनासं झालं, तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि तुमच्या वतीनं कुणी बोलायचं, हे आजच लिहून ठेवता येतं."

"आणा, मी लिहिते," सत्यभामानं हात पुढं केला.

पण टेबलावरचं पेन सांडूनं आधीच उचललं होतं, ते त्यानं सोडलं नाही. ट्रॉलीची अख्खी बाजू तासाभरात रंगवणारा माणूस, त्याला चार ओळींना अर्धा तास लागला. खोटं बोलून आणू नये. जेवणात काही कालवू नये. हात कापेल एवढी गोळी देताना आधी सांगावं. आणि माझ्या वतीनं बोलणार: सत्यभामा. तिनं आपलं नाव दोनदा वाचलं.

मग दोघं परतीच्या रिक्षात बसले. चिकलठाण्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तशी तिनं विचारलं, "आणि पुन्हा तसलंच झालं तर? ब्रश घेऊन सुटलात तर? तवा मी काय करायचं?"

सांडू सीटला डोकं टेकून बसला होता. त्यानं डोळे उघडले नाहीत.

"तवा तू ठरव, तुझंच नाव घातलंय. आज मी हाय ना इथं? आज मला इचार."