टेरिअरवाल्या आंटी

"आधी सांगा, घरी दिवसभर कोण असतं?"

फाटकाची कडी हातात धरून आंटी विचारायच्या. उत्तर पटलं नाही, तर माणूस भुईगावचा समुद्र बघून तसाच परत जायचा.

आम्हीही एकदा तसेच परत आलो होतो. मी आणि बायको, दोघंही मुंबईत नोकरीला. "संध्याकाळी घरी असतो," मी म्हटलं.

"आणि तोवर पिल्लानं काय करायचं? टीव्ही बघायचा?" असं म्हणून आंटींनी फाटकावरूनच आम्हाला सरबत दिलं आणि वाटेला लावलं.

विकायला बसलेली, पण विकायची घाई नसलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आंटी निवृत्त नर्स होत्या. केळीच्या वाडीत अस्सल फॉक्स टेरिअर जातीची कुत्री पाळायच्या. त्यांच्या डॉलीला एकदा पिल्लं झाली की पुढे बरेच दिवस विश्रांती. "बाळंतपण म्हणजे काय चेष्टा वाटली?" दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. आणि येईल त्याला आधी वाईट तेवढं सांगायचं. "हा कुत्रा नाही, फावडं आहे. कुंड्या उकरणार, चपला खाणार, उंदीर मारून उशाशी आणून ठेवणार. चालेल?"

पुढे आई गावाहून कायमची आमच्याकडे राहायला आली, तसा मी पुन्हा फाटकाशी उभा राहिलो. आंटी म्हणाल्या, "मी घर बघायला येते."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून त्या एव्हरशाईन कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटवर आल्या. पिल्लू निसटेल का म्हणून बाल्कनीच्या ग्रिलमधून मूठ घालून पाहिली आणि आईसमोर येऊन बसल्या. आईला कुत्रा अजिबात नको होता. तिनं संधी साधली.

"बाई, खरं सांगू का, नका देऊ. ह्या दोघांना तुळशीला पाणी घालायचं लक्षात राहत नाही. सगळं माझ्याच गळ्यात पडणार."

"पडलं तर काय कराल?"

"काय करणार? मुकं जनावर, उपाशी ठेवता येतं का? वेळेवर खायला घालीन, खाली फिरवून आणीन. पण मला नकोय हो!"

आंटी माझ्याकडे वळल्या. "पिल्लू आईंना देते. तुम्ही दोघं नुसते बघत राहा."

मग वाडीत गेलो, तर एका पिल्लानं आईच्याच साडीचा काठ धरून ओढायला सुरुवात केली. "अरे, सोड मेल्या!" आई ओरडली, पण पाय काही मागे घेतला नाही.

"हाच," आंटी म्हणाल्या. "आणि नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. कितीही वर्षांनी असो, माझ्याकडे आणायचा."

"न जमायला काय झालं?" आई फणकारली.

त्यानंतर आंटींचा फोन यायचा तो आईलाच. आधी कुत्र्याची चौकशी, मग दोघींचे गुडघे, मग आम्हा मुलांच्या तक्रारी. होळीला आंटी पुरणपोळीला यायच्या, नाताळला आई वाडीत जायची.

मग आंटींच्या लेकीनं त्यांना कायमचं कॅनडाला बोलावलं. शेवटच्या पिल्लांनाही घरं मिळाली होती. उरली म्हातारी डॉली. इतकं लांबचं विमान तिला झेपणार नव्हतं. आंटी फोनवर तिचा विषयच काढेनात. शेवटी आईनंच विचारलं, "बाई, डॉलीचं काय ठरलं?"

आंटी पुटपुटल्या, "तुमच्याकडे एक आहेच ना..."

"एकाला घालते, दोघांना घालीन. आई आहे ती त्याची."

आम्ही आणायला गेलो, तेव्हा आंटींनी डॉलीचे कान पुसून ठेवले होते. तिच्या कानाशी वाकून त्या आपल्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. आम्हाला कळलं नाही. डॉलीनं शेपूट हलवली.

"भुंकते फार हां," त्या आईला म्हणाल्या.

"मी कुठे कमी बोलते?" आई म्हणाली. दोघी हसल्या.

रिक्षा सुटली. "मागे बघू नकोस," आई मला हळूच म्हणाली, "त्यांना रडू दे."

मी नाही पाहिलं. डॉली मात्र आईच्या खांद्यावर पुढचे पाय टेकून, चर्चचं वळण येईपर्यंत मागच्या खिडकीतून बघत राहिली.