भोंग्याची पट्टी

तिला नाट्यमंडळात सगळे भोंगा म्हणत. हे नाव शेजाऱ्यांनी दिलेलं. शिंप्याची मुलगी सकाळी सहाला खिडकीत उभी राहून गळा तापवायची, आणि आळीतल्या लोकांनी घड्याळं विकायची तेवढी बाकी ठेवली होती. वडील नाटकाचे पोशाख शिवत. ते पोचवायला ती नाट्यगृहात जाऊ लागली, मग इस्त्री करायला थांबू लागली, आणि इस्त्री करता करता एकोणिसाव्या वर्षी मागच्या रांगेतल्या गाणाऱ्या मुलींत घुसली.

त्या वेळी नायिका होत्या मोठ्या बाई. वय वाढलं तसं त्यांनी शेवटचं मोठं गाणं खालच्या पट्टीत गायला सुरुवात केली. सगळे गप्प बसले. भोंगा कशी गप्प बसेल? रंगपटात दहा जणांदेखत म्हणाली, की ज्या दिवशी मला पट्टी उतरवावी लागेल, त्या दिवशी मी घरी बसेन. मोठ्या बाई पावडर लावत होत्या. आरशातूनच म्हणाल्या, "लिहून दे."

हिनं दिलं की लिहून! भुवया कोरायच्या पेन्सिलीनं, बाईंच्याच कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, तारखेसकट. वर्षभरात मोठ्या बाई मंडळ सोडून गेल्या, आणि ते कपाटही हिचं झालं, गाणंही.

पुढची तीस वर्षं तिनं ते गाणं त्याच चढ्या पट्टीत म्हटलं. तापात म्हटलं, सातव्या महिन्यात पोट शालीखाली झाकून म्हटलं. पन्नाशीतही तिचा आवाज तसाच, म्हणून लोक तोंडात बोटं घालत. ती मात्र सगळं श्रेय मिठाच्या पाण्याला द्यायची. तिच्या धाकानं नव्या पोरी अशा गुळण्या करायच्या, की रंगपटात नळ फुटलाय असं वाटावं.

खरं श्रेय होतं नणंदेचं. नणंद मंडळात कीबोर्ड वाजवायची. त्या वाद्याला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं त्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर पडतात, पण आवाज खालचा निघतो. वहिनीचा गळा वरच्या स्वराला थरथरू लागला, तेव्हा नणंदेनं गुपचूप पट्टी अर्धी पायरी उतरवली. वर्षभरानं आणखी अर्धी. अशा तीन वर्षांत दोन पूर्ण पायऱ्या. हे साऱ्या मंडळाला ठाऊक होतं, अगदी पडदा ओढणाऱ्यालासुद्धा. ठाऊक नव्हतं ते फक्त जिचा गळा, तिला.

एका रविवारी प्रयोगाच्या मध्यंतरात कीबोर्ड जळाला. कोपऱ्यात नाट्यगृहाचा जुना पियानो होता. व्यवस्थापक म्हणाला, त्यावर वाजवा, त्यात काय! पियानोला बटण नसतं. नणंदेची बोटं त्या एकाच वाटेनं चालायला शिकलेली, आणि त्या वाटेनं पियानो जुन्या पट्टीतच बोलणार.

ती रंगपटात आली आणि दाराशीच उभी राहिली. "वहिनी, मारणार नसशील तर एक सांगते."

सगळं ऐकून घेईपर्यंत भोंगा एका कानातला डूल हातात धरून बसली होती. मग विचारलं, "किती वर्षं?"

"तीन."

"आणि मी पोरींना गुळण्या करायला लावतेय."

समोर कपाट उघडंच होतं. दारावरचं अक्षर फिकट झालं होतं, पण वाचता येत होतं. घंटा झाली. तिनं कानात डूल घातला आणि उठली. "तू काही वाजवू नकोस. घरी बसायचं की नाही ते गाणं झाल्यावर बघू."

रंगमंचावर ती क्षणभर गुणगुणली, गळा कुठे विनासायास टेकतो ते शोधलं आणि तिथूनच उचललं. साथ नाही, काही नाही. ती जागा नणंदेच्या बटणाहूनही अर्धी पायरी खाली निघाली. गाण्यातले खालचे स्वर आजवर वर चढायच्या घाईत तुडवले जायचे. ते पहिल्यांदाच नीट ऐकू आले. शेवटचा चढा स्वर तिनं हवा तेवढा धरून ठेवला.

वन्स मोअर आला. ती पुढे आली. "ही माझी जुनी पट्टी नाही. त्या पट्टीत मला आता गाता येत नाही, तीन वर्षांपासून येत नाही. खालच्या पट्टीतलं चालणार असेल तर पुन्हा म्हणते."

प्रेक्षकांतून एक म्हातारा म्हणाला, "पट्टीचं तुम्ही बघा. आम्हाला गाणं हवंय."

तिनं पुन्हा म्हटलं.

नंतर मुलींनी भीत भीत विचारलं, गुळण्या बंद करायच्या का. ती म्हणाली, करा, तोंड तरी स्वच्छ राहील. नणंदेशी ती आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी दुरुस्त झालेला कीबोर्ड स्वतःच पुसला आणि बजावलं, यापुढे ते बटण माझ्यासमोर दाबायचं. मग पेन्सिल घेऊन कपाटाशी गेली. जुनी ओळ पुसली नाही. तिच्याखाली तारीख घालून लिहिलं, "पट्टी उतरवली. घरी बसले नाही."